डॉ. भाऊ दाजी लाड : पेडण्याचे धन्वंतरी, गणिताचे संशोधक

त्रिकोणमिती हा विषय आम्हां विद्यार्थ्यांना दहावीच्या वर्गात प्रथम भेटतो आणि पहिल्या भेटीत त्याचे रूप काहीसे उग्रच वाटते. साइन, कोसाइन, टँजंट ही नावे परकी, कोष्टके लांबलचक, आणि हे सारे कोणी व कशासाठी निर्माण केले याचा पत्ता नाही. सूत्रे पाठ करावी, परीक्षेत ती उतरवावी आणि मोकळे व्हावे, अशीच आमच्यापैकी बहुतेकांची वृत्ती होती.

आमच्या शाळेत पेडण्याचे विद्यार्थी आहेत तसे डिचोलीचेही आहेत, आणि त्यांपैकी अनेकांची वडील भावंडे आज महाविद्यालयात शिकत आहेत. त्यांचा त्रिकोणमितीचा अभ्यास पाहिला म्हणजे काळ किती पालटला आहे याची साक्ष पटते. संगणकाच्या पडद्यावर एक वर्तुळ काढलेले असते. त्याच्या परिघावरील बिंदू बोटाने सरकविला की कोन वाढतो, कोनाबरोबर एक उभी रेषा लांब-आखूड होते, आणि तिच्या लांबीचा आकडा कडेला तत्क्षणी उमटतो. बिंदूने एक फेरी पुरी केली की शेजारी मांद्र्याच्या किनाऱ्यावरील लाटेसारखी एक वक्ररेषा तयार होते. जिओजेब्रा नावाचे असे एक साधन तर कोणासही घरबसल्या विनामूल्य वापरता येते. उत्तर चुकले तर पडदा तसे सांगतो, आणि पुन्हा प्रयत्न करावयास कोणी रागावत नाही.

हे कौतुक आम्ही एके दिवशी पाहत बसलो असता आमच्यापैकी एकाने सहज विचारले की, या उभ्या रेषेला साइन का म्हणतात? पडद्याला त्याचे उत्तर देता आले नाही, कारण त्या धड्यात ते नव्हते. दुसऱ्या दिवशी आम्ही तोच प्रश्न वर्गात गुरुजींपुढे ठेवला. ते हसले व म्हणाले की, हा शब्द परका नाही, तो आपल्याच घरचा आहे. मात्र तो मूळ कोणत्या ग्रंथात, कोणत्या काळी आला, हे जगाला पुराव्यानिशी दाखवून देण्यात ज्याचा मोठा वाटा होता, तो पुरुष याच पेडणे तालुक्यात जन्मला. त्या पुरुषाचे नाव डॉ. भाऊ दाजी लाड. मुंबईच्या वस्तुसंग्रहालयामुळे हे नाव आम्ही ऐकले होते. परंतु आमच्या गणिताच्या वहीशी त्याचा काही संबंध असेल असे आमच्या स्वप्नातही नव्हते. म्हणून त्यांचे चरित्र आम्ही मिळून वाचले, आणि त्यातून जे उमगले ते येथे सादर करीत आहोत.

भाऊंचा जन्म पेडणे महालातील मांद्रे या गावी झाला. जन्मवर्ष कोणी १८२२ देतात, तर कोणी १८२४. त्यांचे पाळण्यातले नावही कोठे रामकृष्ण, तर कोठे रामचंद्र असे छापलेले आढळते. वडिलांचे नाव विठ्ठल. लोक मात्र त्यांना भाऊ दाजी या नावानेच ओळखू लागले आणि इतिहासातही तेच नाव राहिले. ज्या पुरुषाने इतरांच्या जन्मवर्षांचा निकाल लावण्यात आयुष्याचा मोठा भाग वेचला, त्याच्या स्वतःच्या जन्मवर्षाविषयी दोन मते असावीत, हा एक योगायोगच म्हणावयाचा.

त्या काळचे पेडणे आजच्यासारखे नव्हते. १७८८ साली हा महाल सावंतवाडीकरांकडून पोर्तुगीजांच्या अमलाखाली गेला होता. डिचोली व सत्तरी हे महाल त्याआधी थोडी वर्षे असेच गेले होते. गावात मुलाने अक्षरओळख करून घ्यावी, हिशेब शिकावा, फार तर थोडे संस्कृत म्हणावे, यापलीकडे शिक्षणाची मजल जात नसे. ज्याला पुढे शिकावयाचे असेल त्याने घर सोडून मुंबईची वाट धरावयाची, हाच रिवाज होता. भाऊंच्या घरानेही तीच वाट धरली.

लहानपणी भाऊ बुद्धिबळात विलक्षण तरबेज होते. त्यांचा खेळ पाहून एक इंग्रज गृहस्थ चकित झाला आणि या मुलास इंग्रजी शिक्षण द्यावे असे त्याने वडिलांना आग्रहाने सांगितले, अशी हकीगत त्यांच्या चरित्रकारांनी नोंदविली आहे. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांचे शिक्षण झाले आणि पुढे तेथेच ते शिक्षक झाले. याच सुमारास काठेवाड व कच्छ या प्रांतांतील बालहत्येच्या दुष्ट चालीवर त्यांनी एक निबंध लिहिला व त्यास बक्षीस मिळाले. नवजात मुलींना मारून टाकण्याच्या या रूढीविषयी एका तरुण शिक्षकाने माहिती जमवावी व निर्भीडपणे लिहावे, यातच त्यांच्या पुढील आयुष्याची दिशा दिसून येते.

१८४५ मध्ये मुंबईस ग्रँट मेडिकल कॉलेज निघाले. भाऊ हाती असलेली नोकरी सोडून पुन्हा विद्यार्थी झाले आणि त्या कॉलेजातून पदवी घेऊन बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत त्यांची गणना झाली. १८५१ साली त्यांनी मुंबईत वैद्यकीचा व्यवसाय सुरू केला आणि थोड्याच वर्षांत त्यांची कीर्ती सर्वत्र पसरली. त्यांचे बंधू नारायण दाजी हेही डॉक्टर होते. दोघा बंधूंनी गोरगरिबांवर मोफत उपचार केले. पाश्चात्य वैद्यक शिकूनही भाऊंनी आयुर्वेदाकडे पाठ फिरविली नाही. जुन्या संस्कृत ग्रंथांत ज्या वनस्पतींचे गुण वर्णिले आहेत, ते खरोखर आहेत की नाहीत हे ते स्वतः पडताळून पाहत. महारोगासारख्या दुर्धर व्याधीवरील औषधाचा शोध त्यांनी अनेक वर्षे चालविला होता. ग्रंथात लिहिले आहे म्हणून खरे मानावयाचे नाही, आणि ग्रंथ जुना आहे म्हणून टाकूनही द्यावयाचे नाही. दोन्हींची परीक्षा करावयाची, हा त्यांचा बाणा होता.

सार्वजनिक जीवनात भाऊंनी केलेल्या कार्याची यादी मोठी आहे. १८५२ साली स्थापन झालेल्या बाँबे असोसिएशनच्या उभारणीत ते प्रमुख होते. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये निघाले तेव्हा त्याच्या पहिल्या सदस्यांत त्यांची नेमणूक झाली. विद्यार्थ्यांच्या साहित्य व शास्त्र सभेने मुलींसाठी शाळा काढल्या होत्या. त्या सभेचे भाऊ हे पहिले भारतीय अध्यक्ष होत, आणि स्त्रीशिक्षणाचा त्यांनी जन्मभर पुरस्कार केला. १८६९ व १८७१ अशी दोन वेळा ते मुंबईचे शेरीफ झाले. मुंबईतील वस्तुसंग्रहालयासाठी त्यांनी अविश्रांत खटपट केली, आणि भायखळ्याच्या बागेतील ती देखणी इमारत १८७२ मध्ये लोकांसाठी खुली झाली.

त्यांच्या नैतिक धैर्याची एक गोष्ट येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. करसनदास मुळजी या पत्रकाराने एका धर्मगुरूच्या अनाचारावर लेख लिहिला, म्हणून त्याच्यावर बदनामीचा खटला भरण्यात आला. १८६२ साली मुंबईत हा खटला चालला तेव्हा धर्मगुरूंच्या बाजूला मोठा धनिक वर्ग होता. अशा वेळी डॉक्टर या नात्याने जे आपणांस ठाऊक होते ते भाऊंनी साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहून सांगितले. खटला करसनदासांच्या बाजूने लागला. सत्य सांगावयाचे तर ते पुराव्यासह, आणि कोणाची भीड न धरता, हा धडा भाऊंनी न्यायालयात जसा घालून दिला तसाच तो पुढे विद्येच्या क्षेत्रातही घालून दिला. त्याच क्षेत्राकडे आता वळू.

दिवसभर रोग्यांची गर्दी, सायंकाळी सभा-समित्या. तरीही उरलेला वेळ भाऊ जुन्या पोथ्या, नाणी, ताम्रपट व शिलालेख यांच्या संगतीत घालवीत. अजिंठ्याच्या लेण्यांतील लेखांच्या नकला त्यांनी करविल्या आणि त्यांचा अर्थ लावला. गिरनारच्या खडकावरील लेखांचाही त्यांनी अभ्यास केला. कालिदासाच्या कालाविषयी त्यांनी निबंध लिहिला. व्यवसायामुळे त्यांना स्वतः सर्वत्र हिंडणे शक्य नव्हते. म्हणून जुनागडच्या भगवानलाल इंद्रजी या तरुण पंडिताला त्यांनी हाताशी धरले, आणि स्वतःच्या खर्चाने त्यास देशभर पाठवून लेखांचे ठसे व नकला आणविल्या. पुढे भगवानलाल स्वतः थोर पुराणवस्तुसंशोधक म्हणून प्रसिद्धीस आले, यावरून भाऊंची माणसाची पारख किती अचूक होती हे दिसते.

आता गणिताकडे येऊ. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात भारतीय ज्योतिष व गणित यांविषयी युरोपात मोठे कुतूहल होते. पण त्याबरोबर मोठा गोंधळही होता. भास्कराचार्यांची लीलावती व ब्रह्मगुप्तांचे गणित कोलब्रुक नावाच्या इंग्रज पंडिताने १८१७ साली इंग्रजीत आणले होते. मात्र या सर्वांच्या आधीचा जो आर्यभट, त्याचा ग्रंथ कोलब्रुकच्या हाती लागलाच नाही. इतर ग्रंथकार आर्यभटाचे नाव घेत, त्याची मते खोडून काढीत किंवा उचलून धरीत. परंतु मूळ ग्रंथ कोठे आहे हे त्या संशोधकांना ठाऊक नव्हते. त्यातच आर्यभट नावाचे दोन ग्रंथकार होऊन गेले. दुसरा आर्यभट कित्येक शतकांनंतरचा, महासिद्धान्ताचा कर्ता. एकाचे विधान दुसऱ्याच्या नावावर पडू लागले, आणि कालाचा हिशेब तर पुरताच बिघडला. कोणी हे सर्व ज्योतिष फारच अलीकडचे ठरवी, तर कोणी त्यास अतिप्राचीन मानी. दोघांच्याही हाती पुरावा तुटपुंजाच होता.

भाऊंनी या प्रश्नात लक्ष घातले ते तर्क लढविण्यासाठी नव्हे, तर मूळ पोथी मिळविण्यासाठी. दक्षिणेत, विशेषतः केरळात, आर्यभटाच्या ग्रंथाचे अध्ययन पिढ्यान् पिढ्या चालू राहिले होते. तिकडच्या हस्तलिखितांतून आर्यभटीय हा ग्रंथ भाऊंच्या हाती आला आणि त्यांनी तो बारकाईने वाचला. १८६५ साली लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्यांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. आर्यभट, वराहमिहिर, ब्रह्मगुप्त, भटोत्पल व भास्कराचार्य या पाच आचार्यांचे काल कोणते आणि त्यांच्या नावावर चालणारे ग्रंथ खरे कोणते, याचा विचार त्यात केला होता.

आर्यभटाच्या कालाचा निर्णय कसा लागला हे समजून घेण्यासारखे आहे, कारण त्याला साधी बेरीज-वजाबाकीच पुरते. आर्यभटाने ग्रंथात स्वतःविषयी एक नोंद करून ठेविली आहे. तिचा आशय असा की, युगाचे तीन चरण आणि त्यापुढे साठ वर्षांची साठ आवर्तने उलटली, तेव्हा आपल्या जन्मास तेवीस वर्षे झाली होती. साठ गुणिले साठ म्हणजे ३६००. कलियुगाचा आरंभ ज्योतिषी इसवी सनापूर्वी ३१०२ या वर्षी धरतात. तेथून ३६०० वर्षे मोजली म्हणजे इ. स. ४९९ येते, कारण इसवी सनाच्या गणनेत शून्य वर्ष नसते. त्यातून २३ वजा केले की ४७६. आर्यभटाचे हे जन्मवर्ष आज जगभर सर्वमान्य आहे. ज्या कोड्यात नामांकित विद्वान अडकले होते, त्याचे उत्तर पोथीच्या एका श्लोकात होते. पण पोथी मिळवून ती वाचावयास हवी होती!

याच निबंधात भाऊंनी आणखी एक गोष्ट दाखविली. ती आम्हां विद्यार्थ्यांना लाज आणणारी आहे. या आचार्यांचे नाव आर्यभट असे आहे, आर्यभट्ट असे नव्हे. ब्रह्मगुप्तासारख्या ग्रंथकारांच्या पद्यांत हे नाव येते तेथे एकच ट धरला तर वृत्त बरोबर बसते. जोडाक्षर घातले की बहुधा मात्रा वाढून वृत्त बिघडते. भाऊंनी हे १८६५ साली लिहिले. आम्ही मात्र आमच्या वह्यांत परवापर्यंत आर्यभट्ट असेच लिहीत होतो, आणि त्याबद्दल आमचे कधी गुणही गेले नव्हते.

आता मूळ प्रश्नाकडे, म्हणजे साइनकडे येऊ. वर्तुळाचा एक कंस घ्यावा आणि त्याची दोन टोके सरळ रेषेने जोडावी. कंस म्हणजे धनुष्य आणि ही सरळ रेषा म्हणजे धनुष्याची दोरी. दोरीला संस्कृतात ज्या किंवा जीवा म्हणतात. अलेक्झांड्रियाच्या टॉलेमीने दुसऱ्या शतकात पूर्ण दोरीच्या लांबीचे कोष्टक केले होते, हे येथे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. आपल्याकडील ज्योतिष्यांनी पूर्ण दोरीऐवजी अर्धी दोरी, म्हणजे अर्धज्या घेतली. त्यामुळे काटकोन त्रिकोण आपोआप तयार होतो आणि गणित पुष्कळ सोपे होते. बोलण्याच्या सोयीसाठी अर्धज्येलाच पुढे नुसते ज्या म्हणू लागले. पडद्यावरील वर्तुळात वरखाली होणारी ती उभी रेषा हीच ही ज्या होय.

हा शब्द अरबस्तानात गेला तेव्हा जीवा याचे जीब झाले. अरबी लेखनात स्वर बहुधा लिहीत नाहीत. त्यामुळे पुढे ते अक्षर जैब असे वाचले गेले. जैब म्हणजे वस्त्राची घडी किंवा खोळ. बाराव्या शतकात अरबी ग्रंथांची लॅटिन भाषांतरे झाली, तेव्हा त्या अर्थाचा सायनस हा शब्द तेथे योजण्यात आला, आणि त्यावरून साइन झाले. धनुष्याची दोरी अशा रीतीने वस्त्राची घडी होऊन आमच्या पाठ्यपुस्तकात परत आली आहे. परकी वेषभूषा केलेल्या आपल्याच माणसास आम्ही ओळखले नाही, असे म्हणावयास हरकत नाही.

आर्यभटाने ज्येचे कोष्टक एकाच श्लोकात, अक्षरांना अंकांची किंमत देऊन, बसविले आहे. काटकोनाचे त्याने २४ समान भाग केले. म्हणजे प्रत्येक भाग पावणेचार अंशांचा, अर्थात २२५ कलांचा. एका ज्येतून पुढच्या ज्येत जाताना किती भर पडते, ते २४ आकडे त्याने दिले आहेत. ते असे : २२५, २२४, २२२, २१९, २१५, २१०, २०५, १९९, १९१, १८३, १७४, १६४, १५४, १४३, १३१, ११९, १०६, ९३, ७९, ६५, ५१, ३७, २२ आणि ७.

हे आकडे फळ्यावर लिहून गुरुजींनी आम्हांला बेरीज करावयास सांगितले. पहिल्या आठ आकड्यांची बेरीज १७१९ आली. आठ भाग म्हणजे तीस अंश. सर्व चोवीस आकड्यांची बेरीज ३४३८ यावयास हवी होती. पण आमच्यापैकी निम्म्यांची ३४२८ आली! चूक शोधता शोधता कळले की ५१ हा आकडा मागच्या बाकावरून ४१ असा दिसला होता आणि एकाचे पाहून दुसऱ्याने तसाच उतरून घेतला होता. नकलेत चूक कशी शिरते आणि ती पुढे कशी पसरते, हे आम्हांला त्या वेळी जितके पटले तितके कोणत्याही व्याख्यानाने पटले नसते. शेकडो वर्षे हातांनी उतरविलेल्या पोथ्यांतून शुद्ध पाठ निवडणाऱ्या माणसाचे काम किती जिकिरीचे असेल, याची कल्पनाही त्याच वेळी आली.

बेरीज दुरुस्त झाल्यावर ३४३८ ही त्रिज्या ठरली, कारण नव्वद अंशांची ज्या त्रिज्येएवढीच असते. आता १७१९ ला ३४३८ ने भागले, तर बरोबर अर्धे. पडद्यावर तीस अंशांची साइन पाहिली, तर तेथेही ०.५! बारा आकड्यांची बेरीज २४३१, म्हणजे पंचेचाळीस अंशांची ज्या. तिला ३४३८ ने भागले तर ०.७०७१. पडद्यावरही चार स्थळांपर्यंत तेच अंक उमटले. ३४३८ हीच त्रिज्या का, याचेही उत्तर सापडले. पूर्ण वर्तुळात २१,६०० कला असतात. आर्यभटाने परिघ व व्यास यांचे गुणोत्तर ३.१४१६ दिले आहे. त्याने भागून व्यास काढावा व त्याचा अर्धा घ्यावा, तर ३४३८ च्या अगदी जवळचे उत्तर येते. पंधराशे वर्षांपूर्वीचा श्लोक आणि आजचा संगणक एकाच वर्तुळाविषयी बोलत होते, आणि आम्ही दोघांचे बोलणे ताडून पाहत होतो. त्या दिवसापासून त्रिकोणमितीची आमची भीती पुष्कळ कमी झाली, हे कबूल केले पाहिजे.

भास्कराचार्यांच्या बाबतीतही भाऊंनी असेच काम केले. खानदेशात चाळीसगावजवळ पाटण येथे देवीच्या मंदिरात एक शिलालेख होता, तो त्यांनी विद्वानांपुढे आणला. भास्कराचार्यांचा नातू चंगदेव हा यादव राजा सिंघण याच्या दरबारी ज्योतिषी होता. आपल्या आजोबांच्या सिद्धान्तशिरोमणीचे व इतर ग्रंथांचे अध्ययन चालावे, यासाठी त्याने तेथे एक मठ स्थापन केला. तेराव्या शतकाच्या आरंभीचा तो लेख या मठाची व त्यास मिळालेल्या दानाची हकीगत सांगतो. भास्कराचार्यांच्या घराण्याची वंशावळही त्यात आहे. सिद्धान्तशिरोमणी हा ग्रंथ ११५० मधला. त्यातील ज्योत्पत्ति नावाच्या प्रकरणात दोन कोनांच्या बेरजेची ज्या काढण्याची रीत दिली आहे. महाविद्यालयात आमची वडील भावंडे जे सूत्र घोकतात ते हेच. सह्याद्रीच्या कुशीत, डोंगराच्या पायथ्याशी, आठशे वर्षांपूर्वी विद्यार्थी एकत्र बसून हेच गणित शिकावे म्हणून कोणी जागा व द्रव्य दिले होते, हे आम्हांला भाऊंमुळे कळले.

भाऊंच्या या संशोधनातील सर्वांत मोठा गुण कोणता, असा आम्ही आपसांत विचार केला. त्यांच्या काळी परक्यांचे राज्य होते. आपल्या पूर्वजांना कमी लेखणारे पुष्कळ होते. अशा वेळी एखाद्या अभिमानी माणसाने आर्यभटास हजारो वर्षे मागे नेऊन बसविले असते, तर त्यास टाळ्या मिळाल्या असत्या. भाऊंनी तसे केले नाही. पोथी सांगते ४९९, तर ४९९. एक वर्ष अधिक नाही, एक वर्ष उणे नाही. म्हणूनच त्यांचे म्हणणे परक्यांनाही मान्य करावे लागले. पूर्वजांचा खरा गौरव त्यांच्याविषयी नेमके बोलण्यात आहे. फुगवून बोलण्यात नाही. स्वदेशाभिमान आणि सत्यनिष्ठा या दोहोंत भांडण असण्याचे कारण नाही, हे या पेडणेकराने कृतीने दाखविले.

३१ मे १८७४ रोजी भाऊंनी इहलोकाची यात्रा संपविली. वयाची साठीही त्यांनी पाहिली नाही. भगवानलाल इंद्रजी त्या वेळी त्यांच्याच कामासाठी दूर नेपाळात होते. आपल्या आश्रयदात्याच्या निधनाची वार्ता त्यांना तेथेच कळली. त्याच १८७४ सालात हॉलंडमधील लायडन येथे केर्न नावाच्या पंडिताने आर्यभटीय हा ग्रंथ टीकेसह प्रथम छापून प्रसिद्ध केला. ज्या पोथीचे महत्त्व भाऊंनी जगास पटविले ती छापील स्वरूपात सर्वांच्या हाती आली, त्याच वर्षी भाऊ गेले. नियतीचा हा खेळ मनास चटका लावून जातो.

पुढे १०१ वर्षे लोटली. १९७५ च्या एप्रिल महिन्यात भारताचा पहिला कृत्रिम उपग्रह अवकाशात गेला. त्याचे नाव आर्यभट असे ठेवण्यात आले. त्याच वर्षी भायखळ्याच्या वस्तुसंग्रहालयास डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव देण्यात आले. ग्रंथकार आणि त्याचा शोध घेणारा, या दोघांचा सन्मान देशाने एकाच वर्षी करावा, हे किती उचित झाले!

आज मांद्रे गाव पर्यटकांनी गजबजलेले असते. समुद्रकिनारा पाहावयास लांबलांबून लोक येतात. त्यांपैकी कितीकांना ठाऊक असेल की, आर्यभटाचे जन्मवर्ष सिद्ध करणारा पुरुष याच गावात जन्मला? इतरांचे कशाला, आम्हां पेडणे-डिचोलीच्या मुलांनाच ते ठाऊक नव्हते. डिचोली तालुक्यात हरवळ्याची प्राचीन कोरीव लेणी आहेत. आम्ही सहलीस जातो, धबधब्याखाली भिजतो, लेण्यांसमोर छायाचित्रे काढतो आणि परत येतो. तेथे कोरलेल्या अक्षरांपुढे क्षणभर थांबून त्यांत काय लिहिले असेल असा प्रश्न आम्हांला कधी पडला नाही. भाऊ तेथून नक्कल घेतल्यावाचून हलले नसते.

भाऊंना शिकण्यासाठी गाव सोडावे लागले. आमच्याकडे विद्या आपण होऊन चालत येते. महाविद्यालयाचा धडा घराच्या सोप्यावर बसून उघडता येतो, वर्तुळ बोटाने फिरविता येते, उत्तर क्षणात मिळते. ही सोय मोठीच आहे, आणि तिचा लाभ घेणार नाही तो करंटा. परंतु उत्तर मिळणे आणि उत्तर पटणे यांत अंतर आहे. ते अंतर कापावयाचे तर वही उघडून चोवीस आकड्यांची बेरीज स्वतःच्या हाताने करावी लागते, चुकावे लागते, चूक शोधावी लागते. भाऊंनी जन्मभर हेच केले. औषध असो, साक्ष असो की श्लोक असो, स्वतः पारखल्यावाचून त्यांनी काहीही पुढे सरकविले नाही.

यंदाच्या वर्षी आम्ही एक नेम केला आहे. गणिताच्या वहीच्या पहिल्या पानावर त्या चोवीस आकड्यांची मांडणी करावयाची, आणि तिच्या वर आर्यभट हे नाव एकाच ट ने, शुद्ध लिहावयाचे. आमच्या मांद्र्याच्या भाऊंना ही छोटीशी गुरुदक्षिणा रुजू होवो, एवढीच आमची इच्छा आहे.